आधी माप, मग पॅटर्न, लोकर शेवटी: थंडीच्या तोंडावर शाल-स्वेटर विणणाऱ्यांसाठी

दसरा उलटला की माझ्याकडे पिशव्या यायला लागतात. पिशवीत अर्धी विणलेली पाठ, सहा-सात गुंडे, कुठूनतरी प्रिंट काढलेला पॅटर्न, आणि सोबत एक वाक्य, "बघ ना, काहीतरी बिघडलंय." उघडून पाहावं तर विणकाम छान असतं. टाके एकसारखे, बॉर्डर घट्ट. बिघाड असतो तो टाके घालायच्या आधीचा. दुकानात रंग डोळ्यांत भरला म्हणून लोकर घेतली, लोकर घरात आली म्हणून पॅटर्न शोधला, आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्याचं माप घ्यायचं राहूनच गेलं.

हा क्रम उलटा करायचा आहे. दोन उदाहरणं शेवटपर्यंत सोबत ठेवू. एक, पुण्यातल्या सत्तरीच्या आजींसाठी शाल. दुसरं, एडिनबरोला शिकायला गेलेल्या मुलासाठी स्वेटर. दोन्ही वस्तू शरदातच वापरायच्या आहेत, पण त्या दोन शरदांमध्ये फार अंतर आहे.

१. कोण घालणार, कुठे घालणार, कोण धुणार

पुण्यात ऑक्टोबरची दुपार तिशीच्या पुढची असते. गारवा येतो पहाटे आणि रात्री. म्हणजे आजींना असं काहीतरी हवं जे सकाळी साडेसहाला अंगावर येईल आणि नऊ वाजता घडी होऊन खुर्चीच्या पाठीवर जाईल. एडिनबरोत ऑक्टोबरात दिवसाही बारा-तेरा अंश, वर वारा आणि भुरभुर पाऊस. पण वर्ग, वाचनालय, खोली, सगळीकडे हीटर. तिथला मुलगा स्वेटर जॅकेटच्या आत घालतो आणि आत शिरला की जॅकेट काढतो. त्याला जाडजूड स्वेटर दिलात तर तो जॅकेटच्या बाहीत शिरणार नाही आणि खोलीत नको होईल. 'तिकडे फार थंडी' म्हणून सर्वांत जाड लोकर घेणं ही परदेशी धाडायच्या स्वेटरमधली नेहमीची चूक.

आता तिसरा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही: धुणार कोण? आजींची शाल घरात कोणीतरी बादलीत अलगद धुईल. विद्यार्थी मात्र सगळे कपडे एकत्र मशीनमध्ये टाकतो आणि मग ड्रायरमध्ये. साध्या लोकरीचा स्वेटर गरम पाणी, साबण आणि घुसळण यांनी आटून नमद्यासारखा घट्ट होतो, आणि आटलेला पुन्हा सुटत नाही.

तीन उत्तरं कागदावर लिहा. 'सकाळ-संध्याकाळ, घरात, हाताने धुणार.' 'जॅकेटच्या आत, रोज, मशीन.' पुढचा प्रत्येक निर्णय या एका ओळीवर तपासायचा.

जाता जाता माझं मत: पुण्या-मुंबईतल्या माणसासाठी पूर्ण बाह्यांचा बंद गळ्याचा स्वेटर विणण्यात अर्थ नाही. हाफ स्वेटर किंवा पुढून उघडणारं जाकीट विणा, ते वापरलं जातं. निफाडला राहत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे पारा पाचाच्या खालीही जातो.

२. माप अंगाचं नको, कपड्याचं घ्या

अंगावर टेप धरून घेतलेलं छातीचं माप दर वेळी वेगळं येतं. त्याऐवजी त्या माणसाला नीट बसणारा एखादा स्वेटर किंवा स्वेटशर्ट टेबलावर सपाट पसरा आणि पाच मापं घ्या: काखेखाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतची रुंदी (याची दुप्पट म्हणजे तयार छाती), खांद्यापासून खालपर्यंतची उंची, मुंढ्याची खोली, काखेपासून मनगटापर्यंत बाही, आणि बाहीचा दंडाजवळचा घेर. मुलगा परदेशात असेल तर त्याच्याकडून हीच पाच मापं मागवा. 'मी मीडियम घालतो' हे माप नव्हे.

मग सैलपणा ठरवा, शिंपी ज्याला 'लूज' म्हणतात तो. शर्टावर आणि जॅकेटच्या आत घालायच्या स्वेटरला छातीपेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर जास्त पुरतात. आपल्या मुलाची छाती ९४ धरू, तयार स्वेटर १००. कुर्त्यावर मोकळं जाकीट हवं असेल तर १० ते १२ जास्त ठेवा.

*तपासणी:* पॅटर्नवर छापलेली मापं दोन प्रकारची असतात. एक 'एवढ्या छातीला बसेल', दुसरं 'तयार स्वेटर एवढा होईल'. तुमचा १०० हा आकडा दुसऱ्या रांगेत शोधायचा. पहिल्या रांगेतला १०० धरलात तर स्वेटर त्याहूनही मोठा होईल.

३. पॅटर्न निवडणं

फोटो बघून पॅटर्न निवडू नका. फोटोतली मुलगी वाऱ्यात हात पसरून उभी असते. तिच्या शालीचं टोक कुठे येतं ते दिसतं, बसल्यावर ती घसरते का ते दिसत नाही. रॅव्हेलरी या विणकामाच्या वेबसाइटवर त्याच पॅटर्नने इतरांनी विणलेल्या वस्तूंचे फोटो असतात. साध्या माणसांचे, घरातल्या आरशासमोर काढलेले. ते पाहा, आणि कोणी कुठली लोकर वापरली, किती लागली, कुठे अडलं, या त्यांच्या नोंदीही वाचा.

शालीसाठी आधी आकार ठरवा. त्रिकोणी शाल दिसायला देखणी, पण ज्यांना ती गळ्याभोवती बांधायची सवय नाही त्यांच्या खांद्यावरून ती सारखी उतरते. आजी साडी नेसत असतील तर रेशमी पदरावर गुळगुळीत धाग्याची शाल आणखीच घसरते. तिथे आयताकृती शाल, किंचित धरून ठेवणारी लोकर, आणि रुंदी ५० सेंटिमीटरच्या पुढे. जाळीची वीण घेणार असाल तर भोकं बारीक असू द्या. बांगड्या, मंगळसूत्र, पदराची सेफ्टी पिन, सगळं मोठ्या जाळीत अडकतं आणि एक टाका ओढला गेला की पूर्ण ओळ आक्रसते. वजनही बघा. साडेतीनशे ग्रॅमच्या वरची शाल वयस्कर खांद्याला ओझं वाटते.

नुसती एक सुई सुलट, एक सुई उलट विणलेली शाल कडांनी गुंडाळत जाते. कितीही इस्त्री करा, नळी होतेच. दोन्ही बाजूंना सहा-सात टाके आणि खाली-वर आठ-दहा ओळी सगळ्या सुलट विणलेली पट्टी ठेवा. ज्या पॅटर्नमध्ये अशी पट्टी नाही, तो शालीसाठी घेऊच नका.

स्वेटरच्या पॅटर्नमध्ये मी तीन गोष्टी शोधते. मापं लिहिलेली रेखाकृती आहे का? गेज, म्हणजे १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी येतात, ते दिलंय का, आणि ते कोणत्या विणीत मोजलंय हे लिहिलंय का? विणीचा पट दिलाय का, म्हणजे '८ च्या पटीत टाके, अधिक २' असा? रेखाकृती नसेल तर पॅटर्न बाजूला ठेवा. लांबी-रुंदी बदलायची वेळ आली तर अंधारात चाचपडावं लागेल.

रचनेचाही विचार हवा. पाठ, पुढचा भाग आणि बाह्या वेगळ्या विणून शिवायच्या, की गळ्यापासून खाली एकसंध? पहिल्यांदा विणणारीला मी सरळ खांद्याचा, वेगळ्या भागांचा पॅटर्न देते. त्यात ओळींचा हिशोब थोडा चुकला तरी टेप लावून लांबी सांभाळता येते. गळ्यापासून खाली येणाऱ्या रॅगलानमध्ये (ज्यात बाहीची तिरपी रेघ गळ्यापासून काखेपर्यंत जाते) मुंढ्याची खोली ओळींच्या संख्येवरच ठरते. तिथे ओळी जुळल्या नाहीत की काख एक तर आवळते किंवा लोंबते.

वेणीच्या विणीचा मोह सगळ्यांना होतो. वेण्या कापड आडवं खेचतात, त्यामुळे तेवढ्याच रुंदीला टाके जास्त लागतात, लोकर जास्त लागते आणि कापड जाड होतं. जॅकेटच्या आत घालायच्या स्वेटरला समोर एकच वेणी पुरे. बाह्या साध्या.

*इशारा:* एका वस्तूत एकच नवी गोष्ट शिका. पहिली जाळी, पहिला व्ही गळा आणि पहिली गोल सुई एकाच स्वेटरमध्ये आली की तो स्वेटर माझ्याकडे पिशवीतून येतो.

*इशारा:* तक्त्यावरून, म्हणजे चौकटींत खुणा करून काढलेल्या विणीवरून, विणत असाल तर सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची, उलट बाजूची डावीकडून उजवीकडे. शिवाय काही तक्त्यांमध्ये फक्त सुलट बाजूच्या ओळी काढलेल्या असतात. ओळींचे आकडे १, ३, ५ असे आहेत का, ते आधी पाहा.

४. वेळेचा हिशोब

हा टप्पा कंटाळवाणा, पण दोन मिनिटांचा. छाती १००, उंची ६० म्हणजे अंगाचं कापड ६,००० चौरस सेंटिमीटर. ४५ लांबीच्या आणि सरासरी ३२ घेराच्या दोन बाह्या म्हणजे आणखी २,८८०. एकूण साधारण ८,९००. गेज १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी असेल तर १०० चौरस सेंटिमीटरला ६६० टाके, म्हणजे पूर्ण स्वेटरला ५९ हजारांच्या आसपास. मिनिटाला २० टाके या वेगाने ४९ तास. रोज एक तास विणलं तर सात आठवडे, तेही न उसवता.

घटस्थापनेला टाके घालून दिवाळीला स्वेटर होत नाही, तो का, ते यात आहे. दिवाळीला हवा असेल तर गणपतीच्या आधी बसा. मुलाचं विमान सप्टेंबरात असेल तर आषाढात.

आणि 'स्वेटर नको, पटकन होणारा स्टोल करते' म्हणणाऱ्यांसाठी: ५० बाय १८० चा स्टोल म्हणजे ९,००० चौरस सेंटिमीटर. स्वेटरएवढाच. शिवण नाही, गळा नाही, हे खरं. वेळ मात्र वाचतो तो जाड सुईने आणि मोकळ्या विणीने. १६० रुंद आणि ७५ खोल त्रिकोणी शाल ६,००० मध्ये बसते.

५. धागा कशाचा

आता कुठे लोकर. आपल्याकडे दुकानात 'लोकर' म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं. ते वाईट नाही, फक्त ते काय आहे हे ठाऊक असावं.

ॲक्रिलिक स्वस्त, मशीनमध्ये धुता येतं, टोचत नाही, कसर लागत नाही. पण घाम शोषत नाही, त्यामुळे हीटरच्या खोलीत चिकचिक होते. भिजवून, ताणून, पिना लावून वाळवलं तरी त्याचा आकार पक्का होत नाही. म्हणून ज्या जाळीदार शालीचं सगळं रूप धुऊन ताणल्यावर उघडतं, तिला ॲक्रिलिक घेऊ नका. आणि गरम इस्त्री थेट टेकवलीत तर धागा वितळून कापड कायमचं लुळं पडतं.

खरी लोकर लवचीक असते. बॉर्डर ताणली तरी परत जागेवर येते. बरीच ओल पोटात घेऊनही ओली लागत नाही. टोचणं ठरतं तंतूच्या जाडीवर: साधारण ३० मायक्रॉनच्या पलीकडचे तंतू कातडीला बोचतात, मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर त्याहून बरीच बारीक असते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, पण भरड. गळ्यालगतच्या स्वेटरला ती चालणार नाही.

'सुपरवॉश' लिहिलेली लोकर प्रक्रिया केलेली असते, तिच्या तंतूंवरचे खवले गुळगुळीत केलेले असतात, म्हणून ती मशीनमध्ये आटत नाही. आपल्या विद्यार्थ्याला हीच द्यायची. तिची खोड अशी की भिजली की ती वाढते. कोरडं माप घेऊन विणलेला सुपरवॉश स्वेटर पहिल्या धुण्यानंतर मांडीपर्यंत आलेला मी पाहिला आहे. उपाय सातव्या टप्प्यात आहे.

सुती धागा पुण्याच्या ऑक्टोबरला छान वाटतो, पण तो जड असतो आणि त्याला लवचीकपणा नाही. पूर्ण बाह्यांचा सुती स्वेटर स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो, बॉर्डर सैल पडते. बिनबाह्यांचं आखूड जाकीट किंवा उन्हातून वापरायचा स्टोल यांना सुती घ्या. अल्पाका (दक्षिण अमेरिकेतल्या त्याच नावाच्या प्राण्याची लोकर) खूप ऊबदार आणि मऊ, अंगावरून सुंदर पडतं, पण तेही ताणलेलं परत येत नाही. शालीला चालेल, बॉर्डर असलेल्या स्वेटरला लोकरीबरोबर मिसळलेलंच घ्या. मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे, केस झडतात. घरात दम्याचा त्रास असलेलं कोणी असेल तर नको. आणि मोहेर उसवणं म्हणजे काय असतं, ते ज्यांनी उसवलंय त्यांनाच विचारा.

आजींसाठी मी बारीक मेरिनो किंवा लोकर-ॲक्रिलिक मिश्रण घेईन. मुलासाठी सुपरवॉश, नाहीतर चांगलं ॲक्रिलिक मिश्रण.

*तपासणी, लेबल नसलेल्या सुट्या लडीसाठी:* दोन-तीन इंचांचा तुकडा चिमट्यात धरून, वॉशबेसिनवर, पाणी जवळ ठेवून पेटवा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून कडक काळा मणी होतो (गरम असताना हात लावू नका). सुती धागा कागदासारखा जळतो. मिश्रणात दोन्ही खुणा दिसतात.

*तपासणी, टोचण्यासाठी:* तळहाताला सगळंच मऊ लागतं. गुंडा गळ्याला, कानाखाली, दोन-तीन मिनिटं धरा. दुकानदार बघत राहील, बघू दे.

६. जाडी आणि सुयांचे नंबर

सर्वांत जास्त घोळ इथे. 'प्लाय' म्हणजे धाग्यात पिळलेले पदर. त्यावरून जाडी कळेलच असं नाही; एकपदरी धागाही करंगळीएवढा जाड असू शकतो. ब्रिटिश पॅटर्नमधलं '४ प्लाय' म्हणजे अमेरिकन 'फिंगरिंग', मोज्यांना वापरतात तेवढा बारीक धागा. ऑस्ट्रेलियन '८ प्लाय' म्हणजे ब्रिटिश 'डीके', आणि '१० प्लाय' म्हणजे 'वर्स्टेड' किंवा 'अरान'च्या जवळपास. आपल्याकडच्या गुंड्यावर '४ प्लाय' दिसलं म्हणून ब्रिटिश ४ प्लायच्या पॅटर्नला तो चालेल असं धरू नका.

भरवशाचा आकडा एकच: १० सेंटिमीटरला किती टाके. फिंगरिंगला २७ ते ३२, डीकेला २१ ते २४, वर्स्टेडला १६ ते २०, त्याहून जाड बल्कीला १२ ते १५. आपला २२ टाक्यांचा स्वेटर म्हणजे डीके. लेबल नसेल तर पट्टीवर धागा न ओढता, वेढ्याला वेढा चिकटवून गुंडाळा. एका इंचात साधारण १४ वेढे आले तर फिंगरिंग, ११ आले तर डीके, ९ आले तर वर्स्टेड.

सुयांचे नंबर उलटसुलट आहेत. आपल्या घरातल्या जुन्या सुया ब्रिटिश पद्धतीच्या: आकडा वाढला की सुई बारीक. १० नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४, ६ नंबर म्हणजे ५. अमेरिकेत आकडा वाढला की सुई जाड: त्यांचा ६ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ५. अमेरिकन पॅटर्नमध्ये '८ नंबर' वाचून आजीच्या डब्यातली ८ नंबरची सुई काढलीत तर पूर्ण एक मिलिमीटरचा फरक पडतो आणि स्वेटर पुठ्ठ्यासारखा होतो. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. जुनी सुई असेल तर ती सुईमापकाच्या भोकांत घालून आकडा ठरवा.

शालीला मात्र लेबलवर सुचवलेल्या सुईपेक्षा एक-दोन आकार जाड सुई घ्या. फिंगरिंग लोकर ४ मिलिमीटरवर विणली की कापड मोकळं पडतं, खांद्यावरून वाहतं.

७. एक गुंडा आणा, तुकडा विणा

सगळी लोकर एकदम घेऊ नका. एक गुंडा घ्या आणि त्याच लॉटची (एकाच वेळी रंगवलेल्या खेपेची) बाकी लोकर आठवडाभर बाजूला ठेवायला दुकानदाराला सांगा. ओळखीचा असेल तर ठेवतो.

नमुन्याचा तुकडा किमान १५ बाय १५ सेंटिमीटरचा. चार इंचांचा विणून कडेपासून कडेपर्यंत मोजणं ही फसवणूक आहे, कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात. मोजायचं मधल्या १० सेंटिमीटरमध्ये, सुईवरून उतरवून, न ताणता. स्वेटर गोल सुईवर सलग विणायचा असेल तर तुकडाही गोलच विणा. पुष्कळांचा उलट टाका सुलटपेक्षा सैल असतो, आणि गोल विणताना उलट ओळ येतच नाही.

नंतर तो तुकडा धुवा. जसा कपडा धुतला जाणार तसाच: मशीन तर मशीन, ड्रायर तर ड्रायर. (मुलाच्या स्वेटरचा तुकडा मी जीन्सच्या फेरीत टाकते. तिथे त्याचं हेच होणार आहे.) वाळल्यावर पुन्हा मोजा. सुती, अल्पाका आणि सुपरवॉशचा ओला तुकडा दोरीवर चिमट्यांनी लावा, खाली आणखी दोन चिमटे लटकवा आणि रात्रभर ठेवा. किती लांबतो ते कळेल, आणि स्वेटरची लांबी त्या मानाने कमी धरता येईल.

एक-दोन टाक्यांनी काय होतं? पॅटर्न २२ चा, छातीला २२० टाके, तयार १०० सेंटिमीटर. तुमचे २० आले तर तेच २२० टाके ११० सेंटिमीटर होतात, म्हणजे चार इंच ढगळ. २४ आले तर जेमतेम ९२, आणि मुलाची छाती ९४. टाके कमी आले तर बारीक सुई, जास्त आले तर जाड सुई, आणि नवा तुकडा. हात सैल सोडून किंवा आवळून गेज साधायला जाऊ नका. तिसऱ्या दिवशी हात आपल्या मूळ सवयीवर येतो आणि पाठ खाली एक, वर एक अशी होते.

रंगाचीही परीक्षा इथेच. लाल, मरून, गर्द निळा असेल तर ओला तुकडा पांढऱ्या कापडात दाबून ठेवा. डाग पडला तर त्या रंगाबरोबर पांढरी नक्षी नको.

*तपासणी:* तुकडा हातात चुरगाळून सोडा. स्वेटरचा तुकडा उसळून उघडायला हवा, शालीचा बोटांवरून लोंबायला हवा. गेज जुळूनही हे झालं नाही, तर धागा त्या वस्तूचा नव्हे.

८. किती लोकर

ग्रॅमवर हिशोब करू नका, मीटरवर करा. डीकेच्या जाडीच्या १०० ग्रॅम ॲक्रिलिकमध्ये २९०-२९५ मीटर निघू शकतात, तेवढ्याच जाडीच्या सुतीत त्यापेक्षा बरेच कमी. पॅटर्नमध्ये '१०० ग्रॅमचे ५ गुंडे' असेल तर त्या मूळ धाग्याचे मीटर शोधा, गुणा, आणि तुमच्या धाग्याच्या मीटरने भागा. यार्डात असेल तर ०.९१ ने गुणा. सुट्या लडीवर मीटर लिहिलेले नसतात. दहा मीटर मोजून बारीक काट्यावर वजन करा. चार ग्रॅम भरलं तर १०० ग्रॅमला २५० मीटर.

अंदाजासाठी: मध्यम मापाच्या मोठ्या माणसाचा डीकेमधला साधा स्वेटर १,१०० ते १,४०० मीटर खातो. फिंगरिंगची मध्यम त्रिकोणी शाल ४०० ते ५०० मीटर.

त्याहून पक्की रीत तुमच्या तुकड्यात आहे. १५ बाय १५ चा तुकडा म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. समजा त्याचं वजन १३ ग्रॅम भरलं. ८,९०० भागिले २२५ म्हणजे जवळजवळ ४० तुकडे, म्हणजे ५१५ ग्रॅम. वर १५ टक्के बॉर्डर, शिवण आणि चुकांसाठी. ६०० ग्रॅम घ्या, पन्नासचे बारा गुंडे.

९. रंग, आणि उरलेली खरेदी

रंग एवढ्या उशिरा आला म्हणून नाराज होऊ नका. वेणी आणि उठावदार विणी फिक्या, एकरंगी धाग्यात दिसतात. गर्द निळ्यात किंवा काळ्यात त्या बुडतात, आणि रात्री दिव्याखाली विणणाऱ्याचे डोळेही बुडतात. रंगीबेरंगी, चट्ट्यापट्ट्यांचा धागा घेतलात तर वीण साधी ठेवा. त्यावर जाळी विणणं म्हणजे छापील साडीवर बारीक कशिदा. दोन रंगांची नक्षी करायची असेल तर दोन्ही गुंड्यांचा फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघा. दोन्ही सारखेच करडे दिसले तर नक्षी दुरून उठणार नाही. तुळशीबागेतल्या दुकानात दिव्याखाली पसंत केलेला रंग दाराबाहेर उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रत्येक गुंड्याचा शेड नंबर आणि लॉट नंबर स्वतः वाचा. शेड एक पण लॉट वेगळा असेल तर गुंडे शेजारी ठेवल्यावर सारखे वाटतात, विणल्यावर पाठीवर आडवी रेघ दिसते. नाइलाज झाला तर दोन ओळी एका लॉटच्या, दोन ओळी दुसऱ्या लॉटच्या अशा आलटून-पालटून विणा, किंवा वेगळा लॉट फक्त बॉर्डर आणि गळ्याला वापरा.

जुना स्वेटर उसवून विणणार असाल तर उसवलेली लोकर लगेच गुंड्यात भरू नका. खुर्चीच्या पाठीवर लडी करून चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि लटकवून वाळवा. कुरळ्या धाग्यावर घेतलेलं गेज खोटं असतं.

१०. टाके घातल्यावर दोन थांबे

स्वेटरची पाठ १० सेंटिमीटर झाली की टाके दोन सुयांवर किंवा जाड दोऱ्यावर घेऊन सपाट पसरा आणि रुंदी मोजा. पाठीला ११० टाके असतील तर ५० सेंटिमीटर यायला हवी. दोन सेंटिमीटरने जास्त आली तरी आत्ताच उसवा. धुतल्यावर बसेल ही आशा ठेवू नका, बहुतेक धागे धुतल्यावर सैलावतातच.

त्रिकोणी शालीचा थांबा वेगळा. मानेच्या मध्यापासून सुरू होऊन दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढवत जाणारी शाल सुरुवातीला भराभर होते आणि लोकर संपतच नाही असं वाटतं. पण ओळी अर्ध्या झाल्या तेव्हा लोकर फक्त पाव संपलेली असते. निम्मी लोकर संपते तेव्हा सुमारे सत्तर टक्के ओळी झालेल्या असतात, आणि उरलेल्या तीस टक्क्यांना तेवढीच निम्मी लागते. म्हणून वजन करत राहा. १०० ग्रॅमपैकी २५ ग्रॅम संपल्यावर ५० ओळी झाल्या असतील, तर सगळी लोकर मिळून १०० च ओळी होतील. त्यात काठ आणि टाके बंद करणंही आलं, तेव्हा शेवटचे १० ते १२ ग्रॅम त्यासाठी राखून ठेवा. टाके बंद करताना एक आकार जाड सुई घ्या, नाहीतर कड आवळून शालीची होडी होते.

शेवटी एक गुंड्याचं लेबल आणि दहा-बारा मीटर लोकर पाकिटात घालून कपड्याबरोबरच द्या. एडिनबरोला कोपर झिजलं तर तिथे ही छटा मिळणार नाही. पाकिटावर धुण्याची सूचना मोठ्या अक्षरात लिहा: थंड पाणी, ड्रायर नाही, सपाट वाळवणे. तो ती वाचणार नाही, पण तुकडा तुम्ही जीन्सबरोबर धुतलेला आहे.